पन्नास शब्दांची पाटी

दुसऱ्या सत्राची तिसरी असाइनमेंट:
भांडारातली एक वस्तू निवडा,
तिच्यासाठी पाटी लिहा. शब्द पन्नास.
बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशी,
उभ्याउभ्या वाचून होईल अशी.
“आणि विशेषणं दाराबाहेर ठेवून या,”
डॉक्टर फेअरवेदर म्हणाल्या,
“ओल्या छत्र्यांसारखी.”

मी घेतली ती सुई.
लाकडाची, वीतभर,
मधोमध कोरलेली एक बारीक जीभ.
नोंदवहीत, कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात:
मासेमारी. ग्रिम्सबी. नग एक.
कर्ता अज्ञात. वापरणारा अज्ञात.
स्थिती बरी. एका कडेला झीज.

ती झीज मी तीन आठवडे मोजत होते
निळे हातमोजे घालून, भिंगाखाली.
वर्गात आमचे वाद रंगायचे:
दालनात आवाज कुणाचा, नजर कुणाची,
काचेच्या कुठल्या बाजूला आपण.
कॉफीवर साय धरायची.
रिमांतास, जो रात्री मासळीच्या कारखान्यात
खोकी चिकटवून फी भरतो,
जांभई देत विचारायचा,
“आणि दिवे कोण मालवतं?”
आम्ही हसायचो.
वाचनयादीत ते नव्हतं.

बुधवारी भांडारात एव्हिस ब्लँचर्ड येते.
एकोणऐंशी वर्षांची. बिनपगारी.
जुन्या कपबशांना पातळ कागदात गुंडाळते,
डब्यातली बिस्किटं मोजूनमापून वाटते.
त्या दिवशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली,
“ही तर डावखुरीची आहे.”

कशावरून?

तिनं उत्तर दिलं नाही, मोजे काढले.
(पहिल्या दिवशीचा पहिला नियम.
मी तोंड उघडलं. मिटलं.)
समोर कात्री असताना
पार्सलची सुतळी दातानं तोडली,
जिभेला वेढा, टाचेला वेढा,
सुई भरली,
आणि दाराच्या कडीत पहिला फास अडकवून
विणायला लागली.

हात पुढे, ती मागे.
म्हणजे हातांना ठाऊक होतं
आणि ती त्यांच्या मागून येत होती,
साठ-पासष्ट वर्षांचं अंतर राखून.

“आई मागच्या दारालाच जाळं टांगायची.
म्हणून आमच्याकडे कुणी मागून यायचं नाही.
शाळेआधी वीस सुया भरायच्या,
मग पाव.
पैसे नगावर. बोटांना भेगा.
हिवाळ्यात भेगांत राळ.”

आणि वडील?

“बोटीवर. वर्षातले साठ दिवस घरी.
जाळं मात्र रोज घरी.”

मग अंगठ्यानं गाठ दाबून दाखवली.
“ही सुरगाठ नव्हे, निरगाठ.
जितका मासा ओढेल तितकी बसेल.”
तिचा अंगठा सुईच्या झिजलेल्या कडेवर होता
आणि कडेला जागा होती,
बरोब्बर एका अंगठ्याची.

माझ्या मोजमापात ती
शून्य दशांश चार मिलिमीटर आली होती.

रात्री पाटी लिहायला बसले.
मागचं दार घातलं, राळ राहिली.
राळ घातली, वीस सुया राहिल्या.
पाव घातला तर एकसष्ट शब्द.
पाव काढला.
पुन्हा घातला.
स्थिती-अहवालाचा कागद तसाच पडलेला,
त्यात खरं लिहायचं तर एव्हिसचे बुधवार बंद,
खोटं लिहायचं तर मी कसली क्युरेटर होणार?
शेवटी एवढंच लिहिलं:
वापर: बुधवारी, अकरा मिनिटं.
वापरणारी ज्ञात.

छपन्न गुण मिळाले.
पावाच्या भोवती लाल वर्तुळ,
समासात बारीक अक्षरात: मर्यादा ओलांडली.
त्याखाली, वेगळ्या पेनानं, दुसऱ्या दिवशी लिहिल्यासारखं:
हिला एकदा वर्गात आणाल का?

कडीला जाळ्याचे ते तीन डोळे अजून आहेत.
त्यांना क्रमांक नाही.
रिमांतास जाताना त्यात किल्ल्या अडकवतो.